गुळव्याची परीक्षा

हौशीरामबाबांना आयुष्यात कुणी नापास केलं नव्हतं, कारण त्यांनी परीक्षाच कधी दिली नव्हती. चौथीत शाळा सुटली आणि ते वडिलांच्या मागे गुऱ्हाळावर गेले. तिथे पुढे चाळीस वर्षं ते गुळव्या होते. गुळव्या म्हणजे ज्याच्या शब्दावर कढई उतरते तो. उसाचा रस उकळता उकळता एक वेळ अशी येते की तिच्या आधी कढई उतरवली तर नुसती चिकट काकवी हाती लागते, आणि नंतर उतरवली तर करपलेला काळा गोळा. ती वेळ ओळखायला ना घड्याळ लागतं, ना काटा. हौशीरामबाबा ती नुसत्या बुडबुड्यांच्या आवाजावर ओळखायचे, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. कुणी विचारलं नाही तरी सांगायचे.

मग आजूबाजूचा सगळा ऊस पारगावच्या कारखान्याला जाऊ लागला आणि गुऱ्हाळ बंद पडलं. त्या शेडमध्ये आता कांदा साठवतात. बाबांकडे काम उरलं एकच. ऊस डोक्याच्या वर गेला की त्यात बिबट्या असतोच, म्हणून नववीतल्या नातीला, संस्कृतीला, शाळेत पोचवायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. मधल्या वेळात घरी येऊन पुन्हा जाण्यापेक्षा बाबा शाळेच्या ओट्यावरच बसून राहायचे. ओट्याच्या मागे कार्यशाळेची खिडकी होती आणि खिडकीच्या आत ते नवं मशीन होतं.

लेझर कटर म्हणायचे त्याला. निळी, टेबलाएवढी पेटी, वर रंगीत काचेसारखं झाकण. आत डोळ्यांना न दिसणारा किरण लाकडावर टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत जाळ धरतो आणि कॉम्प्युटरवर काढलेल्या रेघेवरून सरकत जातो. लाकूड त्या रेघेवर जळत जातं, म्हणजेच कापलं जातं. पोरांनी त्यावर चाव्यांचे छल्ले केले, पेन ठेवायचे डबे केले, बैलगाडा शर्यतीसाठी बैलाच्या चित्राची ढाल केली. बाबांनी खिडकीतून महिनाभर पाहिलं आणि एक दिवस जाहीर केलं, "हे बी गुऱ्हाळच हाय. जाळ बारीक, येवढंच."

संस्कृतीला त्या मशीनवर गुळाचा साचा करायचा होता. तीन पातळ फळ्या एकावर एक. खालच्या फळीवर पानाच्या शिरा कोरलेल्या, मधल्या फळीला पानाच्या आकाराची भोकं, त्यात गरम गूळ ओतून वरची फळी दाबायची, आणि थंड झाला की फळ्या सुट्या करून वड्या अलगद काढायच्या. कल्पना तिची होती, आणि कुठलं लाकूड गुळाला वास लावत नाही हे आजोबांनी सांगितलं होतं. मंचरच्या सुताराकडून शिवणीच्या लाकडाच्या फळ्या रंधून आणल्या होत्या. तालुक्याचं प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं होतं.

अडचण होती हर्षालीबाईंच्या नियमाची. हर्षालीबाई कार्यशाळेच्या शिक्षिका. आवाज मऊ आणि नियम लोखंडी. मशीन चालू असताना त्याच्यासमोर एक मोठं माणूस पूर्ण वेळ उभं पाहिजे, आणि त्या माणसानं सुरक्षेची परीक्षा पास केलेली पाहिजे. अख्ख्या शाळेत अशी पास झालेली मोठी व्यक्ती एकच होती, त्या स्वतः. आणि त्यांना दिवसभर तास. साचा कापायला दोन-तीन तास मशीन चालवावं लागणार होतं.

"मी उभा ऱ्हातो की," बाबा खिडकीतूनच म्हणाले. "चाळीस वर्षं जाळापुढंच उभा हाय."

बाई हसल्या नाहीत. "परीक्षा द्यावी लागेल, बाबा. सगळ्यांना लागते."

"घ्या की. कोण भितंय!"

संस्कृतीने घरी जाताना त्यांच्याकडून मशीनचे सगळे नियम पाठ करून घेतले. खरं तर पाठ करायला फारसं काही नव्हतंच. बाबांना प्रत्येक नियम आधीपासून ठाऊक असल्यासारखा वाटत होता.

शनिवारी दुपारी परीक्षा झाली. पाहायला अर्धी नववी खिडकीला लटकली होती. बाबांचा मुलगा आणि संस्कृतीचा बाप गोरख शाळेच्या समितीवर होता, तोही आला आणि दाराशी हाताची घडी घालून उभा राहिला.

"मशीन चालू आहे आणि तुमचा फोन वाजला. काय कराल?" बाईंनी विचारलं.

"वाजू दीन. थोरल्या पोरीच्या सुपारीला पावणं आलं व्हतं, तवा बी मी कढईपुढनं उठलो न्हाई. पावण्यांलाच गुऱ्हाळावर यावं लागलं."

खिडकीतली पोरं खिदळली. बाईंनी कागदावर बरोबरची खूण केली.

"कुणी प्लास्टिकचा तुकडा आणून दिला. कशाचा आहे माहीत नाही. कापाल?"

"न्हाई. काही प्लास्टिकचा धूर विषारी असतो, माणसाच्या छातीत जातो आन् मशीनीला बी खातो. ज्याचं नाव ठावं न्हाई ते आत जाणार न्हाई."

"काम संपलं. झाकण लगेच उघडायचं?"

"लगीच न्हाई. पंख्याला धूर ओढू द्यायचा. मंग उघडायचं. आन् खाली पडलेला भुगा, तुकडं सगळं झाडून घ्यायचं, न्हाईतर पुढच्या खेपंला त्योच पेटंल."

वीस प्रश्नांची वीस उत्तरं बरोबर. बाबांची मान हळूहळू वर जात चालली होती. गोरखच्या हाताची घडीसुद्धा सुटली. शेवटी राहिलं प्रात्यक्षिक. बाईंनी मशीनची पिन भिंतीतून काढली, आत लाल कापडाचा एक बोळा ठेवला, झाकण लावलं आणि बाबांना समोर उभं केलं. दोन मिनिटं त्या इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. कांद्याचं कसं आहे, यंदा थंडी कशी आहे. आणि मग एकदम ओरडल्या, "आग!"

पुढचं इतकं झटक्यात घडलं की पाहणाऱ्यांनाही नीट कळलं नाही. बाबांनी एका हाताने झाकण वर फेकलं आणि दुसऱ्या हाताने बाकावरचा पाण्याचा तांब्या उचलून भस्सकन आत रिता केला.

पेटीतून पाणी टपटप फरशीवर पडत होतं.

बाबा रिकामा तांब्या हातात धरून उभे होते. त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं होतं. उत्तर त्यांना माहीत होतं. आधी मशीन बंद करणारं लाल बटण दाबायचं, झाकण बंदच ठेवायचं म्हणजे आगीला हवा मिळत नाही, आणि पाणी तर मुळीच नाही, कारण आत हजारो व्होल्टची वीज असते. तोंडाने विचारलं असतं तर त्यांनी घडाघडा सांगितलं असतं. पण बाईंनी तोंडाला विचारलंच नव्हतं, हाताला विचारलं होतं. गुऱ्हाळावर कढईखालच्या चुलवणातून ठिणगी उडाली की शेजारचा वाळलेल्या चिपाडाचा ढीग पेटतो, आणि तिथे जो विचार करत बसतो त्याचं शेड जातं. चाळीस वर्षं तो हात पाण्याकडेच धावला होता.

"पिन काढलेली होती म्हणून," हर्षालीबाई हळूच म्हणाल्या. "नाहीतर आज तुम्ही..." त्यांनी कागदावर एक फुली मारली. "नापास, बाबा."

मशीन वाळून, तपासून पुन्हा सुरू व्हायला आठ दिवस लागणार होते. तोवर साऱ्या वर्गाचं काम खोळंबलं. संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. दूध घालायला डेअरीवर गेलेल्या बाबांना कुणीतरी विचारलं, "काय राव, गुळव्या नापास झाला म्हणं?" दुसरा म्हणाला, "मशीनीला अंघोळ घातली म्हणं!" बाबा कॅन तिथेच ठेवून परत आले. घरी गोरख वाटच पाहत होता.

"अण्णा, बास झालं आता. घरी बसा. मला समितीत तोंड दाखवायची सोय ठिवली न्हाई तुमी."

त्या रात्री ते जेवलेही थोडंच. आपलं हसं झालं याचं वाईट वाटत होतंच. पण संस्कृती त्यांच्याशी नेहमीसारखं बोलत होती, एकदाही साच्याचं नाव काढत नव्हती, ते जास्त लागत होतं. प्रदर्शनाला आता दोन आठवडे उरले होते. मशीन पुन्हा सुरू झालं तरी समोर उभं राहायला कोण होतं?

सकाळी त्यांनी बायकोला हाक मारली. "कुशे, तुझं टिकल्यांचं पाकीट आन."

कुशाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली होती, पण नवऱ्याने टिकली मागितल्याची ही पहिलीच वेळ. बाबांनी त्यातली सगळ्यांत मोठी लाल टिकली निवडली आणि माजघरात, पाण्याच्या माठाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, छातीएवढ्या उंचीवर चिकटवली.

"हे बघ. दिवसातनं कवाबी, मी काय बी करत असंन, तू 'आग' म्हनून वरडायचं. मी टिकलीवर हात मारला तर पास. माठाकडं गेलो तर नापास."

"कवाबी वरडू?"

"कवाबी."

"जोरात?"

"जोरात."

कुशाबाईंना हे काम इतकं आवडलं की त्यांनी त्यात काही म्हणजे काही कसूर ठेवली नाही. बाबा चहाचा घोट घेणार तोच, "आग!" बाबा दाढी करताहेत, अर्धा गाल फेसाने भरलेला, "आग!" दुपारी डोळा लागला की कानाशी येऊन, "आग!" पहिल्या दिवशी अकरा वेळा ओरडा झाला आणि अकराही वेळा बाबांचा हात माठाकडे गेला. चहा सांडला, एकदा माठाचं झाकण फुटलं, शेजारच्या साळुबाई दोनदा खरंच कळशी घेऊन धावत आल्या. दुसऱ्या दिवशी बाबा अर्ध्या वाटेत थबकू लागले. हात माठाकडे निघायचा, हवेत थांबायचा आणि मग लाजल्यासारखा भिंतीकडे वळायचा.

"थांबतोय, पर आधी तिकडंच जातोय," कुशाबाई म्हणाल्या.

"दिसतंय मला!"

"चिडू नका. शेहेचाळीस वर्षांत पयल्यांदा तुमच्यावर वरडायला मिळतंय. मला घाई न्हाई."

सहाव्या दिवशी बाबा भाकरी मोडत होते. कुशाबाई ओरडल्या. बाबा ताडकन उठले, हात सरळ भिंतीवर गेला, टिकलीवर फट्‌दिशी बसला, आणि दुसरा हात पाठीमागे जाऊन कमरेच्या धोतराला घट्ट धरून राहिला. कुशाबाईंनी ताटात आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या परीक्षेला खिडकीत कुणी नव्हतं. बाबांनीच बाईंना तशी विनंती केली होती. बाईंनी पुन्हा कांद्याचं विचारलं, थंडीचं विचारलं, बाबांच्या गुडघ्याचंही विचारलं, आणि मग ओरडल्या. बाबांनी लाल बटण दाबलं, झाकणावर तळहात ठेवून ते बंद धरलं, आग विझवायचं नळकांडं खुंटीवरून काढून पायाशी ठेवलं, आणि वाट पाहत उभे राहिले.

"पास," बाई म्हणाल्या. त्यांनी बाबांच्या गळ्यात हिरवं ओळखपत्र अडकवलं. त्यावर फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, हौशीराम, लेझर कटर, सुरक्षा पास. बाबांनी ते सदऱ्याच्या आत घातलं. एवढ्यातच मिरवायला नको, असं त्यांना वाटलं.

प्रदर्शनाच्या आधीच्या गुरुवारी साचा कापायला घेतला. शाळा सुटली होती. संस्कृती आणि तिची मैत्रीण अक्षदा कॉम्प्युटरपाशी, बाबा मशीनसमोर. बाई शेजारच्या वर्गात वह्या तपासत होत्या, हाकेच्या अंतरावर. पहिली फळी कापून झाली, दुसरी लावली. पानांची रांग एकेक करून उमटत होती. बाबा झाकणातून पाहत होते, नजर न हलवता, कढईकडे पाहावं तसे.

दुसऱ्या फळीला मधोमध एक गाठ होती. किरण तिथे आला आणि नेहमीची बारीक ठिणगी विझली नाही. जाळ उभा राहिला. लाकडावर सारखी हवा फुंकून ठिणगी विझवणारी नळी सुटली होती. बोटभर जाळ वीतभर झाला आणि झाकणाला चाटू लागला.

"आजोबा!" संस्कृती किंचाळली.

बाबांनी लाल बटण दाबलं. किरण बंद, हवा बंद, पंखा बंद. "पोरींनो, भाईर. म्याडमला सांगा," ते न वळता म्हणाले. झाकण खाली दाबून धरलं, पायाने नळकांडं जवळ ओढलं, आणि उभे राहिले.

तेवढ्यात मागून पावलं धावत आली. पोरींना न्यायला आलेल्या गोरखला ओट्यावरूनच खिडकीतला जाळ दिसला होता. नळाखालची भरलेली बादली उचलून तो आत घुसला. "अण्णा, व्हा बाजूला! झाकण उघडा! बघत काय बसलाय?"

"थांब."

"अवो पेटलंय! फेकतो मी पानी!"

बाबांनी एक हात झाकणावर ठेवला आणि दुसरा आडवा करून मुलाच्या छातीवर टेकवला. गोरख ताकदीचा गडी, बाबा सहासष्ट वर्षांचे. पण गोरखला तो हात हलवता आला नाही.

"आत वीज हाय. पानी टाकलं तर तू मरशील. झाकण उघडलं तर जाळ वाढंल. त्याला हवा मिळू दिऊ नको. बघ आता."

दोघं पाहत राहिले. बाबांच्या आतला गुळव्या ओरडत होता, झाकण उघड म्हणत होता. हाताला मुंग्या येत होत्या. आयुष्यात इतका वेळ ते पेटलेल्या जाळासमोर काही न करता कधी उभे राहिले नव्हते. जाळ आधी पिवळा होता, मग निळसर झाला, मग बुटका. मग गाठीपाशी एक लाल ठिपका उरला आणि तोही विझला. झाकणाआड नुसता धूर फिरत होता.

बाई दारात येऊन उभ्या होत्या. केव्हा आल्या ते कुणाला कळलं नाही. त्यांनी पुढे होऊन भिंतीतली पिन काढली, झाकणावर हात ठेवून पाहिला. "नळकांडंसुद्धा लागलं नाही," त्या म्हणाल्या. "एक फळी गेली. मशीन जसंच्या तसं आहे. आपण सगळे जसेच्या तसे आहोत."

गोरखने बादली खाली ठेवली. पाणी थोडं डुचमळून फरशीवर सांडलं, ते त्याने स्वतःच फडक्याने पुसलं. वडिलांकडे त्याने पाहिलं नाही, पण पुसता पुसता म्हणाला, "मी फेकलंच असतं, अण्णा. तुमी नसता तर फेकलंच असतं."

बाई नळी घट्ट बसवेपर्यंत आणि मशीन तपासेपर्यंत शुक्रवार उजाडला. नवी फळी, बिनगाठीची, बाबांनी स्वतः निवडली. साचा पुरा झाला. घरी त्यात गूळ ओतला, आणि थंड झाल्यावर संस्कृतीने फळ्या सुट्या केल्या तेव्हा पानांच्या वड्या शिरांसकट सुटून आल्या. प्रदर्शनात साच्याला दुसरा नंबर मिळाला. पहिला का नाही, यावर बाबा आठवडाभर बोलत होते.

पण खरी गर्दी झाली ती पुढच्या शनिवारी. साचा पाहून बचत गटाच्या चार बायका आल्या, शाळेचे एक सर आले, एक सुतार आला. सगळ्यांना मशीन शिकायचं होतं, म्हणजे आधी परीक्षा द्यायची होती. शेवटच्या बाकावर गोरख येऊन बसला.

"आगीचा भाग बाबा शिकवतील," हर्षालीबाई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

बाबा उठले. सदऱ्याच्या आतलं हिरवं ओळखपत्र बाहेर काढून त्यांनी छातीवर नीट सरळ केलं. गुऱ्हाळावर विझवलेल्या आगींच्या त्यांच्याकडे पुष्कळ गोष्टी होत्या आणि सगळ्यांना वाटलं आता त्याच ऐकायला लागणार. दारात उभ्या संस्कृतीलाही तेच वाटलं.

"मी हौशीराम," बाबा म्हणाले. "या खोलीत पयल्यांदा नापास झाल्याला मानूस मीच."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बाबांनी त्यांना हसू दिलं. मग तांब्याची गोष्ट सांगितली, माठाची सांगितली, कुशाबाई किती वेळा ओरडल्या तेही सांगितलं. सांगताना त्यांची मान ताठ होती आणि काहीही गाळलं नव्हतं. दारातली संस्कृती ओठ घट्ट मिटून उभी होती, कारण अभिमानाने तिला रडू येत होतं आणि वर्गासमोर रडायचं नव्हतं.

मग प्रात्यक्षिकं झाली. गोरखची पाळी आली. पिन काढलेली, आत लाल कापड. बाईंनी त्याला उसाच्या तोडीबद्दल विचारलं, तो रंगात येऊन सांगू लागला, आणि त्या ओरडल्या, "आग!"

गोरखचे दोन्ही हात झाकणावर गेले आणि झाकण वर उघडलं.

खोलीत कुणी हसलं नाही. सगळे बाबांकडे पाहत होते. गोरख उघडं झाकण तसंच धरून उभा राहिला, कान लाल झालेले. त्या गुरुवारी त्याने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरीही.

बाबा त्याच्याजवळ गेले. त्याच्या हातातून झाकण घेऊन त्यांनी हळूच खाली केलं.

"नापास," ते म्हणाले. "लाज वाटू दिऊ नको. पुढच्या शनिवारी परत ये. मी बी आलो व्हतो."

गोरखने मान हलवली. मग वडिलांच्या छातीवरचं ओळखपत्र बोटात धरून त्याने त्यावरचं नाव वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.